उणे तीन मुलगे

पत्र दादानेच फोडलं. घरात कुणाच्याही नावाचं पाकीट आलं तरी ते फोडायचा मान आपला, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत होती आणि ती मोडून काढायला आजवर कुणाला सवड झाली नव्हती. शिवाय आज तो आलाच होता मुळी सोक्षमोक्ष लावायला. एका हातात फरशांच्या नमुन्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोजपट्टी आणि मागून वहिनी, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वहिनी गणित शिकवायची. दादा तिला प्रत्येक वाटाघाटीला सोबत न्यायचा, कारण ती नुसती गप्प बसली तरी समोरच्याला वाटायचं, हिने सगळा हिशेब करून ठेवलेला दिसतोय.

सगळे दूध तापवायच्या खोलीत जमले होते. खोली कसली, पाळणाघराच्याच एका कोपऱ्याला अर्ध्या उंचीचं दार लावून केलेली जागा ती. दारावरून मोठ्यांना मुलं दिसायची आणि दाराखालच्या फटीतून मुलांना मोठ्यांचे पाय दिसायचे. पलीकडे आज पंचवीसच्या पंचवीस मुलं हजर होती. सर्दी नाही, ताप नाही, कुणाच्या आईची रजा नाही. मावशीला हेच जरा संशयास्पद वाटत होतं.

मावशी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पाळणाघर ती चालवायची, त्यामुळे मुलं तिला मावशी म्हणायची, मुलांचं ऐकून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, मग गल्ली, मग दूधवाला, आणि शेवटी घरचेसुद्धा. वडील जाताना ही मोठी खोली दादाच्या नावावर करून गेले आणि खोलीतलं पाळणाघर मावशीच्या गळ्यात टाकून गेले. दोन्ही गोष्टी एकाच जागेत आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"वाचू का?" दादाने विचारलं.

"वाच की. फोडलंस तर आहेच," आत्या म्हणाली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे पाळणाघर तिने सुरू केलं होतं. आता ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून फक्त लक्ष ठेवायची. कानांनी ती हवं तेवढंच ऐकायची.

सरकारने नवी योजना काढली होती. वीस किंवा त्याहून जास्त मुलं असलेलं पाळणाघर नोंदलं गेलं, की तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांचा पगार सरकार देणार. योजनेच्या शेपटाला नियमही होता: दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मावशीकडे ती स्वतः, एक ठेंगणी आणि एक लांबडी, अशा तिघी होत्या. मुलांच्या आया कुणी दवाखान्यात, कुणी बसवर, कुणी दुकानात उभ्या राहणाऱ्या. त्या देतील तेवढ्यात दोघींचे पगार आता निघत नव्हते. पगार सरकारने दिला नाही तर ठेंगणी आणि लांबडी जाणार. त्या गेल्या की मावशीला एकटीला दहाच मुलं ठेवता येणार आणि पंधरा जणांना उद्यापासून येऊ नका म्हणावं लागणार. आणि दहा पोरांना एवढी मोठी खोली कशाला, हा दादाचा प्रश्न बिनतोड होता. त्याला इथे फरशांचं दुकान मांडायचं होतं. नोंदणी झाली तर तो गप्प बसणार, नाही झाली तर मोजपट्टी उलगडणार, असं भावाबहिणीचं ठरलं होतं.

दादाने घसा साफ केला. "आपला अर्ज मिळाला. अर्जानुसार आपल्या केंद्रातील एकूण मुले, अकरा."

"अकरा?" मावशी म्हणाली.

"अकरा. विसाच्या आत. विषय संपला." दादाने कागदाची घडी घालायला घेतली.

"पुढे वाचा," वहिनी म्हणाली.

"पुढे काय, नेहमीचंच असतं. एकूण मुले अकरा. पैकी मुली चौदा." दादा थांबला. कागद त्याने डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "मुलगे, उणे तीन."

मग दारापलीकडून ठेंगणी फिस्सकन हसली. ती ऐकत होती. ती नेहमीच ऐकायची.

मावशीला भीती वाटली की हसू यायचं, हा तिचा जन्माचा रोग होता. परीक्षेत, दवाखान्यात, वडिलांच्या मृत्युपत्रावर सह्या करतानासुद्धा ती हसली होती आणि दादाने ते अजून माफ केलं नव्हतं. आता तिने पदराचं टोक तोंडात कोंबलं. पण 'उणे तीन मुलगे' हे तीन शब्द तिच्या डोक्यात एकमेकांना ढकलत होते आणि पदर पुरेना.

"हसतेस काय? तुझं पाळणाघर चाललंय!"

"मला माहितेय," मावशी म्हणाली आणि भिंतीला टेकून हसत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यातलं किती हसण्याचं होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"अर्ज कुणी भरला?" वहिनीने विचारलं. वर्गात खडू कुणी फेकला हे विचारताना तिचा आवाज असाच होत असणार.

सगळ्यांच्या माना काकाकडे वळल्या.

काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून तो निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर तपासायला काही न उरल्याने तो दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या आणि घरच्यांचं बोलणं तपासायचा. अर्ज त्याने मोठ्या हौसेने भरला होता, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

"मी भरला," काका म्हणाला. "आणि अचूक भरला. पहिल्या रकान्यात विचारलं होतं, मुलांची संख्या. आपल्याकडे मुलं किती? अकरा. लिहिलं अकरा. दुसऱ्या रकान्यात मुली. चौदा. लिहिलं चौदा. यात माझं काय चुकलं?"

"अहो काका, मुलांची म्हणजे सगळ्यांची!" मावशी म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय? चौकातल्या शाळेची पाटी बघ. मुलांची शाळा. आत एक तरी मुलगी आहे का?"

"आणि लहान मुलांचा डॉक्टर असतो," वहिनी म्हणाली, "तो मुलींना तपासत नाही का?"

छत्तीस वर्षांत काकाला असं कुणी पकडलं नव्हतं.

"पण रकान्यात 'पैकी मुली' असं असणार ना," वहिनी काही सोडायला तयार नव्हती. "पैकी या शब्दाचं तुम्ही काय केलंत?"

"काढून टाकला," काका शांतपणे म्हणाला.

"काढून?"

"मुलांपैकी मुली कशा असतील? मला वाटलं, छपाईतली चूक. त्यावर मी नीट आडवी रेघ मारली आणि समासात शब्द गाळण्याची खूण केली. तशी गाठीसारखी असते ती. कुठल्याही जाणत्या माणसाला कळते."

"काका!" तिघंही एकदम ओरडले.

"कार्यालयात जाणती माणसं ठेवत नाहीत, हा माझा दोष?"

आत्या खुर्चीत हलू लागली. तिचं हसू आतल्या आत चालायचं, वेताची खुर्ची मात्र करकरायची. ते ऐकून दारामागे ठेंगणी पुन्हा सुटली आणि ठेंगणी का हसते हे न कळताच पाच-सात मुलंही हसायला लागली. काकाचा पारा चढला. एवढा वेळ तो मावशीच्या बाजूचा होता. आता तो उठून दादाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"फरशांचं दुकानच बरं," तो म्हणाला. "फरशा हसत तरी नाहीत."

"बघ! काकापण म्हणताहेत." दादाने मोजपट्टी उचलली. "मी फक्त या भिंतीची लांबी घेतो."

"अहो, ठेवा ती खाली," वहिनी म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. ही आपल्या बाजूची, हे तो धरूनच चालला होता.

"सरकारी कागदावर शिक्का मारून उणे तीन मुलगे लिहून आलेत," वहिनी म्हणाली. तिच्या गालांवर लाली चढली होती. "कुणीतरी ते टंकलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी सही केली आणि एकालाही वाटलं नाही की मुलगे शून्याच्या खाली जात नसतात? मी सातवीच्या पोरांना यासाठी ओणवं उभं करते. हे असं राहू द्यायचं नाही. दुकानाचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे नंतर."

मावशीला वहिनीला मिठी मारावीशी वाटली. बारा वर्षांत तसं कधी वाटलं नव्हतं, म्हणून ती नुसतीच तिच्याकडे बघून हसली. वहिनीही हसली आणि लगेच कागदाकडे वळली. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती दादाने घाईत वाचलीच नव्हती. तफावतीची पडताळणी करण्यासाठी अधिकारी आज अकरा वाजता येतील.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं कमी होती.

अधिकारी म्हणजे एक किडकिडीत तरुण बाई निघाली. खांद्याला पिशवी, छातीशी धरलेली सरकारी टॅबलेट आणि चेहऱ्यावर आज सकाळपासून कुणीतरी आपली थट्टा करतंय असा भाव. तिने चपला दाराबाहेर काढल्या, नमस्कार केला आणि एका दमात सांगून टाकलं.

"हे बघा, मला माहितेय काय झालंय. पण आमच्या साहेबांना मी विचारलं तर ते म्हणाले, जाऊन बघून ये, तीन मुलगे कमी का आहेत."

"कमी नाहीत," मावशी म्हणाली. "उलट अकरा जास्त आहेत."

"शून्यापेक्षा," वहिनीने भर घातली.

"मला कळतं हो," अधिकारी बाई कळवळून म्हणाली. "पण ही टॅबलेट आहे ना, हिच्यात आकडा नुसता बदलता येत नाही. प्रत्यक्ष शिरगणती करायची आणि एकाच फोटोत सगळी मुलं दिसली पाहिजेत. चेहरे समोर. हललेला फोटो ती घेत नाही. आणि शेवटी जागामालकाची संमती. पाच वर्षं जागा याच कामाला राहील, अशी."

दादाने पिशवीतल्या फरशा वाजवल्या. मावशीला वाटलं, एवढं सगळं जमलं तरी शेवटची सही याच्या हातात आहे, आणि तिला पुन्हा हसू यायला लागलं. तिने ओठ चावला.

"मोजूया," ती म्हणाली.

शिरगणती हा शब्द ज्याने काढला त्याने पंचवीस मुलं एका खोलीत कधी पाहिली नसावीत. अधिकारी बाईने बोट वर करून मोजायला सुरुवात केली आणि अठराव्याला पहिली सहा जणं जागा बदलून बसली. दुसऱ्या खेपेला तेवीस आली, तिसऱ्या खेपेला सत्तावीस. खिसेवाला नावाचा मुलगा, ज्याच्या खिशात कायम दोन चमचे आणि एक झाकण असायचं, तो मोजून झाला की पळत दुसऱ्या टोकाला जायचा आणि पुन्हा मोजून घ्यायचा. त्याला ते फार आवडलं होतं.

वहिनीने वेगळा मार्ग काढला. ती बाहेर जाऊन मुलांच्या चपला मोजून आली. "साडेचोवीस जोड," ती दारातूनच म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

काका मुद्रितं तपासायच्या पद्धतीने एकेका मुलापुढे थांबून हवेत बरोबरची खूण करत होता. बारा खुणा झाल्यावर तेराव्या मुलीने त्याचं पेन घेतलं. लांबडी कडेवर सगळ्यात धाकट्याला घेऊन त्याला जागं ठेवायची धडपड करत होती, कारण चेहरा समोर हवा होता आणि त्याचा चेहरा तिच्या खांद्यात गडप होत होता. ठेंगणीने सगळ्यांना चटईवर बसवलं, तर चटईच उडू लागली. कुणीतरी ती होडी आहे असं जाहीर केलं होतं.

"हललेला आहे," अधिकारी बाई टॅबलेट बघून म्हणाली. "हाही हललेला. या फोटोत हे कोण आहेत, नुसतेच पाय दिसतात?"

"तो खिसेवाला," मावशी म्हणाली. आता ती उघडउघड हसत होती. घामाने चष्मा घसरत होता, हसून पोट दुखत होतं आणि मनातल्या मनात ती नवस बोलल्यासारखी एकच गोष्ट म्हणत होती, एकदा, एकच क्षण, गप्प उभे राहा रे बाळांनो. प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं त्याप्रमाणे दोन वर्षं तिने मुलांवर कधी आवाज चढवला नव्हता. आता चढवावा तरी कसा, तेही तिला आठवेना.

दादा दाराला टेकून गंमत बघत होता. "होत नाही तुमच्याच्याने," तो म्हणाला. "मी मोजून देऊ का? मोजपट्टी आहे माझ्याकडे."

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला.

"भिंत!"

आत्या उठलीसुद्धा नव्हती. खुर्चीत बसूनच तिने हाक दिली होती. आवाज सत्तरी उलटलेल्या बाईचा मुळीच वाटत नव्हता.

मुलांना या शब्दाचा काही अर्थ माहीत नव्हता. मावशीने ही हाक कधीच बंद केली होती. पण अर्थ ज्यांना माहीत होता त्यांनी विचार केला नाही. मावशी जिथे होती तिथून दोन उड्यांत मागे गेली आणि तिची पाठ भिंतीला चिकटली. ठेंगणी तिच्या शेजारी येऊन थडकली, कारण ठेंगणीसुद्धा याच पाळणाघरात वाढलेली. काका इथे मूल म्हणून कधी आला नव्हता, पण थोरल्या बहिणीचा आवाज लागला की भिंत गाठायची हे तो घरीच शिकला होता. आणि दादाच्या हातातून फरशांची पिशवी धपकन खाली पडली. शेहेचाळीस वर्षांचा, शहरात दोन दुकानं असलेला माणूस खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, खिडकीपासूनची तिसरी जागा गाठली, टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं आणि हात बाजूला सरळ सोडले.

चटईची होडी जागच्या जागी थांबली.

मग मुलं हसली. अशी हसली की धाकट्याने लांबडीच्या खांद्यावरून मान वर केली. एवढी मोठी माणसं आणि भिंतीला पालीसारखी चिकटलेली! पहिला खिसेवाला धावला आणि काकाच्या शेजारी धडकला. त्याच्यामागे सगळी. पाच-दहा सेकंदांत खोलीच्या मधोमध कुणीच उरलं नाही. लांबडीला एकटीला मध्ये उभं राहायची लाज वाटली आणि तीही धाकट्याला घेऊन टोकाला जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी पोटं आत घेतली होती, कारण दादाने घेतलं होतं.

"हलू नका," अधिकारी बाई कुजबुजली. टॅबलेटने या वेळी फोटो घेतला.

वहिनी तिच्या खांद्यावरून वाकली. दोघींनी बोटाने एकेक डोकं मोजलं. "तीस," अधिकारी बाई म्हणाली.

"तीसमधून मोठे वजा करा," वहिनी म्हणाली. "हे, मावशी, काका, ठेंगणी, लांबडी. तीस उणे पाच." आणि तिने भिंतीकडे वळून, वर्गात पहिला नंबर जाहीर करतात तशा आवाजात सांगितलं, "पंचवीस!"

मावशी भिंतीवरून घसरत खाली बसली आणि तिच्या मांडीवर लगेच दोन जण येऊन बसले.

दादा मात्र तसाच उभा होता. आत्याने "बस" म्हटल्याशिवाय भिंत सोडायची नसते आणि आत्या आज ते म्हणायला विसरली होती, निदान तसं दाखवत होती. त्याच्या शेजारी चार वर्षांची एक मुलगी उभी होती. तिला पाळणाघरात चौकशी खिडकी म्हणायचे. तिने दादाच्या उजव्या हाताचं बोट घट्ट धरलं होतं.

"तू कोण?" तिने विचारलं.

"मी? मी तुमच्या मावशीचा भाऊ."

चौकशीने थोडा विचार केला. "मग तू मामा."

"नाही, म्हणजे तसं..."

"मावशीचा भाऊ मामाच असतो," चौकशीने खिसेवाल्याला सांगितलं. खिसेवाल्याने पुढच्याला. ते भिंतीच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं तेव्हा पंचवीसमधले ज्यांना बोलता येत होतं ते सगळे मामा, मामा म्हणत होते.

"आत्या," दादा भिंतीला चिकटूनच म्हणाला, "मला इथंच उभं करायचीस तू. खिडकीपासून तिसरा."

"माझ्यामुळे नाही. तुझ्या आईची दवाखान्यातली पाळी संपून ती त्या खिडकीतून येताना दिसायची. तूच ती जागा कुणाला द्यायचा नाहीस. एकदा चावलास," आत्या म्हणाली.

दादाने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या रस्त्यावर अर्थातच कुणी नव्हतं, एक भाजीची गाडी होती. मावशीने खालूनच त्याच्याकडे पाहिलं. त्याचं पोट हळूहळू पुढे आलं होतं आणि तो दमल्यासारखा दिसत होता. तिला त्याच्याविषयी इतकी माया वाटली की ती घाबरलीच.

"बस," आत्या म्हणाली, आणि भिंत सुटली.

अधिकारी बाईने आता कागद काढला होता. टॅबलेटने आकडा घेतला होता, पण लेखी निवेदनही लागायचं, हाताने लिहिलेलं. तिने पेन काकापुढे धरलं आणि लगेच मागे घेतलं.

"द्या," काका म्हणाला. "या वेळेला मी असा शब्द लिहितो की कुणाच्या बापाला त्याचे दोन अर्थ करता येणार नाहीत." उभ्या आयुष्यात त्याने हा शब्द छापील मजकुरातून शंभरदा खोडला होता, फारच घरगुती आहे म्हणून. मग त्याने ठळक अक्षरात लिहिलं: केंद्रात एकूण लेकरे पंचवीस.

"लेकरे," अधिकारी बाईने वाचलं. "असा रकाना आमच्याकडे नाही."

"म्हणून तर तुमचे मुलगे शून्याखाली गेले," वहिनी म्हणाली.

अधिकारी बाई हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली आणि मग तिलाही आवरेना. "साहेबांना काय सांगू? तीन मुलगे सापडले म्हणून सांगते," ती म्हणाली. कागद फिरवून तिने दादासमोर ठेवला. "आता फक्त जागामालक. इथे नाव, इथे केंद्राशी असलेलं नातं, आणि इथे सही."

हसणं ओसरलं. ठेंगणीने मुलांना उगाचच जवळ ओढलं. मावशी उठून उभी राहिली. बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. विनवण्या तिने आयुष्यभर केल्या होत्या आणि दादा विनवण्यांना कधी बधला नव्हता. पण हात जोडलेले आहेत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने ते पटकन सोडवले.

"पाच वर्षं," दादा म्हणाला.

"पाच," अधिकारी बाई म्हणाली.

"माझ्या फरशा काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"तुमच्या फरशा कुठेही बसतील," वहिनी म्हणाली. "मी बघते जागा."

"तू माझ्या बाजूची होतीस ना?"

"आहेच की. म्हणून तर बघते म्हणतेय."

दादाने काकाकडे पाहिलं. काका आपला शब्द पुन्हा पुन्हा वाचत होता, तो परत मावशीच्या बाजूला गेलेला दिसत होता. आत्या खिडकीबाहेर बघत होती. दादाने मोठा सुस्कारा सोडला.

"नात्याच्या रकान्यात काय लिहायचं? मामा? तसाही सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मामाच बनवलाय."

त्याने पेन उचलायला हात पुढे केला आणि तो पुढे गेलाच नाही. चौकशीने बोट सोडलेलं नव्हतं. दादाने पेन डाव्या हातात घेऊन पाहिलं.

"डाव्या हाताने नको," अधिकारी बाई म्हणाली. "सही जुळली नाही तर पुन्हा पडताळणी."

"बोट दे," दादा चौकशीला म्हणाला.

"का?"

"सही करायचीय."

"कशावर?"

"या कागदावर."

"कशाला?"

खोलीतलं प्रत्येक मोठं माणूस दादाच्या तोंडाकडे बघत होतं आणि आज पहिल्यांदाच त्याला आपल्या बहिणीला उत्तर द्यायचं नव्हतं, वडिलांच्या कागदांना द्यायचं नव्हतं, चार वर्षांच्या एका मुलीला द्यायचं होतं. ती थांबली होती. तिला सवय होती, मोठी माणसं उत्तर द्यायला वेळ लावतात.

"तुम्ही सगळ्यांनी इथंच राहावं म्हणून," दादा म्हणाला.

चौकशीने ते तपासून पाहिलं. उत्तर तिला पटलं असावं.

"घे," ती म्हणाली. "पण परत दे."

दादाने नाव लिहिलं, नात्यापुढे 'मामा' लिहिलं, खाली लांबलचक सही केली, आणि बोट परत दिलं.